खबर, रावी आणि आपला किनारा

रायगडच्या किनाऱ्याविषयी लिहून ठेवणाऱ्या जुन्या प्रवाशांत अल-मसूदी या अरब इतिहासकाराचे नाव फार वरचे आहे. बगदादचा हा माणूस हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इसवी सन ९१६ च्या सुमारास ‘सैमूर’ नावाच्या बंदरात आला होता. सैमूर म्हणजे आपल्या अलिबाग तालुक्यातले चौल, असे अभ्यासक मानतात. मसूदीने आपल्या ‘मुरूज-उज-जहब’ या ग्रंथात तिथल्या मुसलमानांची नोंद केली आहे. त्यांची संख्या त्याने सुमारे दहा हजार दिली आहे. त्यांतले काही ओमान, बसरा, बगदाद, सिराफ इथून आलेले व इथेच संसार थाटलेले होते, तर काही इथेच जन्मलेले होते. इथे जन्मलेल्यांना ‘बयासिरा’ म्हणत, हेही तो सांगतो. त्यांचे आपसातले तंटे सोडवण्यासाठी राजाने त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमला होता. त्याच्या पदाला ‘हुनरमन’ म्हणत. त्या वेळच्या हुनरमनचे नावही मसूदी देतो.

मसूदीचे सगळेच लिखाण आज तसेच्या तसे मान्य होत नाही, ऐकीव गोष्टीही त्यात पुष्कळ आहेत. तरीही चौलविषयीच्या या मजकुराला अभ्यासक वजन देतात. आपण तिथे कोणत्या साली होतो, तेव्हा राज्य कोणाचे होते, मुसलमानांचा प्रमुख कोण होता, हे तो सांगतो. कोणाला तपासून पाहायचे असेल तर त्याने वाट मोकळी ठेवली आहे. खबर देणारा माणूस विश्वासाला पात्र कसा होतो, याचा हा आपल्याच किनाऱ्यावरचा हजार वर्षांपूर्वीचा नमुना आहे.

याच किनाऱ्याविषयी आज रोज रात्री नऊ वाजता जे सांगितले जाते, त्याला हे माप लावले तर काय हाती लागते? दूरचित्रवाणीच्या वृत्तवाहिन्या आणि त्यांची विश्वासार्हता हा विषय साहित्याच्या वार्षिकात कशाला, असे कोणी म्हणेल. पण ज्या समाजाचे चित्र दुसरेच कोणी काढते आणि त्याच चित्राकडे पाहून जगाकडून त्याच्याशी व्यवहार केला जातो, त्या समाजाच्या लेखकांनी या विषयाकडे पाठ फिरवून चालणार नाही.

खबर तपासण्याचे शास्त्र

खबर तपासण्याची कला मुसलमानांना नवी नाही. उलट आपल्या इतिहासातले हे एक मोठे बौद्धिक काम आहे. पैगंबर मुहम्मद (स.) यांच्या नावावर सांगितली जाणारी वचने खरी कोणती आणि रचलेली कोणती, हे ठरवण्यासाठी हदीसच्या अभ्यासकांनी एक शिस्त उभी केली. प्रत्येक हदीसचे दोन भाग मानले: एक मतन, म्हणजे मजकूर आणि दुसरी सनद, म्हणजे तो मजकूर कोणी कोणाकडून ऐकला याची साखळी. साखळीतल्या प्रत्येक माणसाला रावी म्हणतात. हा रावी कुठे राहत होता, ज्याच्याकडून ऐकले म्हणतो त्याला तो खरोखर भेटला होता काय, त्याची स्मरणशक्ती कशी होती, व्यवहारात तो सचोटीचा होता काय, याची हजारो चरित्रे लिहिली गेली. या शाखेला अस्माउर-रिजाल म्हणतात. रावीचे दोष आणि गुण उघड सांगण्याला जरह व तादील असे नाव आहे. साखळीतली एक कडी जरी निखळली तरी मजकूर कितीही आवडीचा असो, त्याचा दर्जा खाली येत असे.

इमाम बुखारींविषयी एक किस्सा आपल्याकडे मदरशांतून आणि शाळांतून सांगितला जातो. एका माणसाकडून हदीस घेण्यासाठी ते लांबचा प्रवास करून गेले. तो माणूस आपल्या सुटलेल्या घोड्याला पकडण्यासाठी झोळी पुढे करून बोलावत होता, जणू तीत दाणा आहे. झोळी रिकामी होती. ते पाहून इमामसाहेब काही न विचारता मागे फिरले. जनावराला फसवणाऱ्याची खबर कशी घ्यावी? किस्सा ऐतिहासिकदृष्ट्या कितपत पक्का आहे हा भाग निराळा. समाजाने तो शतकानुशतके जपला, यातच खबरीविषयीची आपली अपेक्षा दिसते. आज ‘थोड्याच वेळात मोठा खुलासा’ अशी पट्टी पडद्यावर तासभर फिरत राहते आणि शेवटी खुलासा काहीच नसतो, तेव्हा आम्हाला ती रिकामी झोळीच आठवते.

रेडिओचे दिवस

आपला किनारा बातमीचा भुकेला पूर्वीपासूनच आहे. मुरूड, राजपुरी, श्रीवर्धन, म्हसळा, बोर्ली पंचतन या भागातले लोक पिढ्यानुपिढ्या जहाजांवर खलाशी म्हणून गेले, नंतर आखाती देशांत गेले. ज्या घरातला माणूस समुद्रावर किंवा परदेशात आहे, त्या घराला वादळाची आणि युद्धाची बातमी ही चैनीची वस्तू नसते. म्हणून रेडिओ आला तेव्हा त्याला घरात मानाची जागा मिळाली. आकाशवाणीच्या मराठी बातम्या, आकाशवाणीची उर्दू सर्व्हिस आणि रात्री बीबीसी उर्दूचे ‘सैरबीन’ हा अनेक घरांचा नेम होता.

त्या काळातही लोक विश्वास डोळे झाकून टाकत नसत. १९७५ ते १९७७ या आणीबाणीच्या काळात सरकारी माध्यमांनी काय सांगितले आणि काय गाळले, हे लोकांनी पाहिले होते. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी सकाळी इंदिरा गांधींवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यांच्या निधनाची बातमी बीबीसीने दुपारी दिली, आकाशवाणीने मात्र संध्याकाळपर्यंत अधिकृतपणे काही सांगितले नाही. ६ डिसेंबर १९९२ रोजी बाबरी मशीद पाडली गेली, तेव्हा दूरदर्शनने ती दृश्ये दाखवली नाहीत. लोकांनी ती परदेशी वाहिन्यांवर पाहिली. सरकारी माध्यमाचा दोष हा गप्प राहण्याचा होता. त्याची भरपाई दुसरे केंद्र लावून करता येत असे. पुढे जो दोष आला तो बोलण्याचा होता आणि दुसरे केंद्र लावून त्यावर उपाय होत नव्हता, कारण सगळी केंद्रे एकाच सुरात बोलू लागली होती.

१९९३ चा डाग

आपल्या किनाऱ्याच्या बाबतीत हा सूर एका तारखेपासून लागला. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत साखळी बॉम्बस्फोट झाले, २५७ माणसे मेली. त्यासाठीची स्फोटके व हत्यारे त्या वर्षीच्या जानेवारी-फेब्रुवारीत रायगडच्या किनाऱ्यावर, दिघी आणि शेखाडी इथे उतरवली गेली होती, हे खटल्यात सिद्ध झाले. विशेष टाडा न्यायालयाने २००६ मध्ये एकूण शंभर जणांना दोषी ठरवले आणि २००७ मध्ये शिक्षा सुनावल्या. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २१ मार्च २०१३ रोजी आला.

हे आम्ही स्पष्टपणे मांडतो, कारण हा गुन्हा झालाच नाही असे म्हणणे हा मेलेल्यांवर अन्याय होईल. मुंबईत मेलेल्यांत सर्व धर्मांची माणसे होती. या कटाचे मुख्य सूत्रधार मुसलमान होते आणि किनाऱ्यावरच्या काही जणांनी त्यांना हात दिला, हेही खरे आहे. परंतु त्याच निकालपत्रांत आणखी एक बाब नोंदलेली आहे. ज्यांच्यावर किनाऱ्याची राखण होती त्या कस्टम्स खात्याचे अधिकारी आणि श्रीवर्धनचे पोलीसही दोषी ठरले. ते एकाच धर्माचे नव्हते. पैसा घेऊन माल सोडण्याची जी जुनी सवय सोन्या-चांदीच्या तस्करीत पडली होती, तिच्याच आधारावर आरडीएक्स आत आले. हा सगळा तपशील न्यायालयाच्या कागदात आहे. पडद्यावर मात्र त्यातला एकच धागा उरला. ‘आरडीएक्सचा किनारा’ असे विशेषण तयार झाले आणि त्या विशेषणाला कस्टम्सची गणवेशातली माणसे कधी चिकटली नाहीत, चिकटली ती इथली मुसलमान वस्ती.

त्या स्फोटांच्या आधी मुंबईत जे घडले त्याची चौकशी न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने केली. १९९८ मध्ये सादर झालेल्या अहवालात डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मिळून ९०० मृतांची नोंद आहे. त्यांत ५७५ मुसलमान आणि २७५ हिंदू होते. जानेवारीतला हिंसाचार भडकण्यात ‘सामना’ व ‘नवाकाळ’ यांतल्या लिखाणाचाही वाटा होता, असे आयोगाने स्पष्ट नोंदवले. म्हणजे माध्यमाच्या शब्दाने माणसे मरतात ही आमची तक्रार नव्हे, उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तीने पुरावा घेऊन काढलेला निष्कर्ष आहे. स्फोटांच्या खटल्यात शंभर जणांना शिक्षा झाली. आयोगाचा अहवाल मात्र कपाटात राहिला. वाहिन्यांनी या दोन कागदांना किती-किती वेळ दिला, हे वाचकांना वेगळे सांगायला नको.

वाहिन्यांचा जमाना

डिसेंबर २००० मध्ये ‘आज तक’ सुरू झाली, २००७ मध्ये ‘झी २४ तास’ आणि ‘स्टार माझा’, २००८ मध्ये ‘आयबीएन लोकमत’. मराठी माणसाला आपल्या भाषेत चोवीस तास बातम्या मिळू लागल्या, याचा आनंद आम्हालाही झाला होता. या वाहिन्यांनी भ्रष्टाचार उघडकीस आणला, शेतकऱ्याच्या आत्महत्येला आवाज दिला, हे नाकारण्याचे कारण नाही. पण चोवीस तास म्हणजे चोवीस तासांचे पोट आणि ते भरण्याइतकी तपासलेली बातमी रोज कुठून येणार?

याची किंमत देशाने २६ नोव्हेंबर २००८ रोजी मोजली. मुंबईवरच्या हल्ल्यात ताज, ओबेरॉय आणि नरिमन हाऊसमधली कारवाई वाहिन्यांनी थेट दाखवली. कराचीत बसलेले सूत्रधार तीच दृश्ये पाहून आत शिरलेल्यांना फोनवर सूचना देत होते. कसाबच्या खटल्यात २९ ऑगस्ट २०१२ रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. आफताब आलम आणि न्या. सी. के. प्रसाद यांच्या खंडपीठाने या प्रसारणावर कडक ताशेरे ओढले. वाहिन्यांनी सुरक्षा दलांचा जीव धोक्यात घातला आणि तो राष्ट्रासाठी नव्हे, धंद्यासाठी घातला, असा त्या ताशेऱ्यांचा आशय होता. माध्यमांचे नियमन माध्यमांनीच करावे या युक्तिवादाची वाहिन्यांनी स्वतःच हानी केली, असेही न्यायालय म्हणाले. २०१५ मध्ये केबल टेलिव्हिजनच्या नियमांत दुरुस्ती होऊन दहशतवादविरोधी कारवाईच्या थेट प्रक्षेपणाला बंदी आली. राष्ट्रभक्तीचा गजर सर्वांत मोठ्याने करणाऱ्या माध्यमाला देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने असे सांगावे लागले, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही.

एका वर्षातल्या दोन बातम्या

२०२० हे वर्ष या विषयाच्या अभ्यासकासाठी एक प्रयोगशाळाच ठरले. मार्चच्या शेवटी दिल्लीच्या निजामुद्दीन मरकजमधल्या तबलिगी जमातीच्या लोकांत करोना आढळला. साथीच्या काळात इतकी माणसे एकत्र ठेवणे ही चूक होती, असे अनेक मुसलमानांनीही त्या वेळी म्हटले. पण पुढे अनेक वाहिन्यांवर जे सुरू झाले त्याचा साथीशी संबंध नव्हता. रोगालाच धर्म देण्यात आला. देशात ठिकठिकाणी मुसलमान भाजीवाल्याकडून माल घेऊ नका, असे सांगितले जाऊ लागले. किनाऱ्यावर मासळी आणि फळे विकून जगणाऱ्यांनी काय भोगले, हे सांगायला कोणी कॅमेरा आला नाही.

२१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जमातीच्या २९ परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले. न्या. टी. व्ही. नलावडे आणि न्या. एम. जी. सेवलीकर यांच्यासमोरच्या या निकालात, मरकजला आलेल्या परदेशी लोकांविरुद्ध मुद्रित आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांत मोठा प्रचार झाला आणि त्यांना बळीचा बकरा करण्यात आले असावे, असे नमूद आहे. एप्रिलमध्ये महिनाभर चाललेल्या बातमीचे खंडन न्यायालयाने ऑगस्टमध्ये केले. ते पडद्यावर किती मिनिटे दिसले?

आता त्याच वर्षातली दुसरी बातमी पाहू. ३ जून २०२० रोजी दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्याला धडकले. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर होता. श्रीवर्धन, दिवेआगर, म्हसळा, मुरूड या पट्ट्यात घरांची कौले आणि पत्रे उडाले, विजेचे खांब आडवे झाले, मोबाइलचे मनोरे बंद पडले. श्रीवर्धनी रोठा सुपारीच्या बागा मुळासकट गेल्या. नारळ-सुपारीची बाग पुन्हा उभी राहायला दहा वर्षे लागतात, म्हणजे ते एका वर्षाचे नव्हे, एका पिढीच्या उमेदीचे नुकसान होते. पडद्यावर मात्र त्या दिवशी मरीन ड्राइव्हच्या लाटा होत्या. वादळ वाट बदलून दक्षिणेकडे सरकले तेव्हा ‘मुंबई बचावली’ ही त्या दिवसाची ठळक बातमी झाली. मुंबई बचावली याचा आनंद सर्वांनाच होता, तिथे आपलीच माणसे राहतात. पण वादळ गेले कुठे, हे विचारायला अनेकांना सवड झाली नाही. मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी ५ जूनला अलिबाग परिसराची पाहणी करून रायगडसाठी १०० कोटींची तातडीची मदत जाहीर केली, ती बातमी येऊन गेली. त्यानंतर अनेक गावे कित्येक आठवडे अंधारात होती. तिथे हिंदू, मुसलमान, कोळी, आदिवासी सगळ्यांचे छप्पर सारखेच उडाले होते आणि गावोगावच्या जमातींनी ताडपत्र्या वाटताना घराचा धर्म विचारला नाही. १४ जूनला एका तरुण अभिनेत्याचा दुर्दैवी मृत्यू झाला आणि पुढचे कित्येक महिने वाहिन्यांना दुसरा विषयच उरला नाही. त्या वार्तांकनावरही मुंबई उच्च न्यायालयाला जानेवारी २०२१ मध्ये निकाल देऊन फटकारावे लागले. म्हणजे रोग केवळ मुसलमानांपुरता नाही. त्याचा जंतू एकच आहे, झळ मात्र दुबळ्याला जास्त लागते.

या दोन बातम्या शेजारी ठेवल्या की पक्षपाताची दोन रूपे दिसतात. एकात नको तितके दाखवले जाते, दुसऱ्यात हवे तितकेही दाखवले जात नाही. आपला किनारा दोन्हीच्या मधे उभा आहे: हत्यार सापडले की देशभर आणि छप्पर उडाले की जिल्ह्यापुरता.

हरिहरेश्वरची नौका

हत्यार सापडण्याचा प्रसंग दोनच वर्षांनी आला. १८ ऑगस्ट २०२२ रोजी श्रीवर्धन तालुक्यात हरिहरेश्वरच्या किनाऱ्यावर एक बेवारस नौका लागली. आत तीन एके-४७ रायफली आणि काडतुसे होती. दुसऱ्या दिवशी दहीहंडी, पुढे गणेशोत्सव. पोलिसांनी नाकाबंदी केली, दहशतवादविरोधी पथक आले. ते त्यांचे कर्तव्यच होते. तालुक्यातल्या लोकांनीच नौका पाहिली आणि पोलिसांना कळवली, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

त्याच दिवशी उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधानसभेत माहिती दिली. नौकेचे नाव ‘लेडी हान’. तिची मालकीण एक ऑस्ट्रेलियन महिला. नौका मस्कतहून युरोपकडे निघाली होती. २६ जूनला तिचे इंजिन निकामी झाले, मदतीची हाक दिली गेली, एका कोरियन युद्धनौकेने आतल्या माणसांना वाचवून ओमानच्या हवाली केले. समुद्र खवळलेला असल्याने नौका ओढून नेता आली नाही आणि ती वाहत वाहत इथवर आली. तूर्त दहशतवादाचा धागा दिसत नाही, तरी कोणतीही शक्यता सोडलेली नाही, असे त्यांनी सांगितले. हे जबाबदार बोलणे होते. सत्ता कोणत्याही पक्षाची असो, जे बरोबर झाले त्याला बरोबर म्हटले पाहिजे.

मात्र हे निवेदन होईपर्यंत अनेक पडद्यांवर लाल पट्ट्या लागल्या होत्या. १९९३ ची जुनी चित्रे बाहेर आली, २६/११ ची आली, शेखाडीचे नाव पुन्हा आले. प्रश्नचिन्ह लावून काहीही म्हणता येते, हे एक नवे व्याकरण वाहिन्यांनी शोधून काढले आहे. ‘पुन्हा कट?’ असे विचारले की खोटे बोलल्याचा ठपका येत नाही आणि पाहणाऱ्याच्या मनात जे रुजायचे ते रुजते.

जुन्या खलाशांपैकी कोणाला विचारले असते तर त्याने सांगितले असते की नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याच्या दिवसांत अरबस्तानच्या बाजूने सुटलेली वस्तू कोकणच्या अंगाला लागणे यात नवल काही नाही. मसूदीच्या काळातली गलबते याच वाऱ्याने चौलला येत होती. २६ जून ते १८ ऑगस्ट म्हणजे ५३ दिवस. एडनच्या आखातातल्या चाच्यांमुळे त्या बाजूच्या जहाजांवर खासगी सशस्त्र रक्षक असतात, हेही जहाजावर नोकरी केलेल्या आपल्या घराघरांतल्या माणसांना ठाऊक आहे. पण या खबरीचे खरे जाणकार रावी श्रीवर्धन आणि मुरूडच्या ओट्यांवर बसलेले असताना चर्चेला बोलावले गेले ते दूरच्या स्टुडिओतले तज्ज्ञ.

त्या दिवशी आखातात नोकरीवर असलेल्या मुलांनी गावी फोन करून विचारले, घरी सगळे ठीक आहे ना? त्यांच्या बरोबर काम करणारे इतर प्रांतांतले लोक त्यांना विचारत होते, हे तुझेच गाव ना? मुंबईत भाड्याने खोली शोधताना गावाचे नाव सांगितल्यावर समोरच्याचा चेहरा बदलतो, हा अनुभव आमच्या पिढीतल्या कित्येकांनी घेतला आहे. नौकेची गोष्ट तीन दिवसांत मिटली. चेहरा बदलण्याची सवय तशी मिटत नाही.

असे का होते?

याचे एक कारण धंद्यात आहे. वाहिनीचा पैसा जाहिरातीवर आणि जाहिरातीचा दर प्रेक्षकसंख्येवर ठरतो. ही संख्या बार्क ही संस्था निवडक घरांत बसवलेल्या यंत्रांवरून काढते. देशातल्या कोट्यवधी घरांची आवड काही हजार घरांवरून ठरते. ऑक्टोबर २०२० मध्ये या आकड्यांत घोटाळ्याचे आरोप झाले तेव्हा बार्कने वृत्तवाहिन्यांचे आकडे देणे थांबवले; ते मार्च २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाले. भय आणि संताप या दोन भावना माणसाला पडद्याला खिळवून ठेवतात. जिल्ह्याच्या ठिकाणी वार्ताहर ठेवणे महाग, चार माणसांना स्टुडिओत भांडायला बसवणे स्वस्त.

दुसरे कारण मनाचे आहे. आरोपी मुसलमान असला की ‘आरोपी’ हा शब्द गळून पडतो. ८ सप्टेंबर २००६ रोजी शबे-बरातच्या दिवशी मालेगावच्या बड्या कब्रस्तानाजवळ स्फोट झाले, तीसहून अधिक माणसे गेली, बहुतेक मुसलमान. पकडले गेलेले नऊ जणही मुसलमान. त्यांना न्यायालयाने दोषमुक्त करायला एप्रिल २०१६ उजाडले. ११ जुलै २००६ च्या मुंबईतल्या रेल्वे स्फोटांच्या खटल्यात २१ जुलै २०२५ रोजी उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरवले. त्यांतला एक निकालाआधीच तुरुंगात मरण पावला होता. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. २४ जुलैला त्या न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरता येणार नाही असे सांगितले, मात्र सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवले नाही. अटकेच्या दिवशी ज्यांचे चेहरे तासन्तास दाखवले, त्यांच्या सुटकेला तेवढा वेळ मिळाला काय?

इथेच आपलीही परीक्षा आहे. ३१ जुलै २०२५ रोजी मालेगावच्या २००८ च्या स्फोटातल्या सातही आरोपींना विशेष न्यायालयाने निर्दोष सोडले. ते हिंदू होते. मेलेल्यांच्या घरच्यांना न्याय मिळाला नाही, हे दुःख मोठे आहे आणि निकालाविरुद्ध वरच्या न्यायालयात जाण्याचा त्यांना हक्क आहे. पण सिद्ध होईपर्यंत आरोपी हा आरोपीच, ही कसोटी आपण आपल्यासाठी मागतो, ती त्यांच्यासाठीही मान्य केली पाहिजे. जी कसोटी फक्त आपल्या माणसाला लावायची, तिला कसोटी म्हणत नाहीत.

आपल्या घरात

सूरह हुजुरातमध्ये मोमिनांना हुकूम आहे की कोणी भरवशाचा नसलेला माणूस खबर घेऊन आला तर आधी तिची शहानिशा करा, नाहीतर अजाणतेपणी कोणाचे नुकसान कराल आणि मग पस्तावाल. हा हुकूम वाहिन्यांच्या संपादकांना नव्हे, आपल्याला आहे. परंतु आपल्या मोबाइलवर रोज काय येते? कुठल्यातरी देशातले जुने चित्र आजचे म्हणून येते, कुणा शास्त्रज्ञाने इस्लाम स्वीकारल्याची खबर नाव-गावाशिवाय येते आणि आपण ती ‘सवाब’ समजून पुढे पाठवतो. तिची सनद काय, रावी कोण, हे कोणी विचारत नाही. ज्यांच्या पूर्वजांनी अस्माउर-रिजाल रचले त्यांनी असे करावे, हे लाजिरवाणे आहे. आवडीची खोटी खबर नावडत्या खोट्या खबरीपेक्षा जास्त घातक असते, कारण ती तपासण्याची इच्छाच होत नाही.

तेव्हा करायचे काय? पहिले म्हणजे रागाने टीव्ही बंद करून समाधान मानू नये, कागद हातात घ्यावा. वाहिनीने खोटे किंवा विखारी दाखवले तर तारीख, वेळ, कार्यक्रमाचे नाव लिहून सात दिवसांच्या आत तिच्याकडे लेखी तक्रार करता येते. तिने समाधान केले नाही तर एनबीडीएसए या वाहिन्यांच्याच मानक प्राधिकरणाकडे जाता येते. त्याचे अधिकार तोकडे आहेत, सगळ्या वाहिन्या त्याच्या सदस्य नाहीत, दंडही किरकोळ असतो. तरीही २०२४ मध्ये ‘लव्ह जिहाद’च्या नावाने केलेल्या कार्यक्रमांबद्दल त्याने राष्ट्रीय वाहिन्यांना दंड केला आणि चित्रफिती काढायला लावल्या. तक्रार करणारा एक साधा नागरिक होता आणि तो मुसलमानही नव्हता. या देशात असे लोक आहेत, हीदेखील एक खबर आहे आणि तिची सनद पक्की आहे.

दुसरे काम शाळांचे आहे. आम्ही उर्दू माध्यमाचे शिक्षक मुलांना खबर आणि राय यांतला फरक व्याकरणाच्या तासाला सहज शिकवू शकतो. एकच घटना मराठी पत्रात, उर्दू पत्रात आणि वाहिनीवर कशी आली, हे फळ्यावर तीन रकान्यांत मांडले की नववीतल्या मुलालाही रावी ओळखता येतो. त्यासाठी मराठी वाचता आले पाहिजे, हे ओघाने आलेच. जो समाज शेजाऱ्याची भाषा वाचत नाही, त्याला शेजारी आपल्याविषयी काय वाचतो हे कळत नाही आणि उत्तरही देता येत नाही.

तिसरे काम आपले, लिहिणाऱ्यांचे. दिघी आणि शेखाडीचा पुरा इतिहास, कस्टम्सच्या कागदांसकट, इथल्या माणसाने मराठीत लिहायला हवा. निसर्ग वादळात कोणत्या गावात किती बागा गेल्या, कोणत्या जमातीने कोणाला काय दिले, याची वही जमातीच्या दफ्तरात असली पाहिजे. अलिबागेत ‘कृषीवल’ १९३७ पासून निघते. शेतकरी चळवळीच्या लोकांना आपली बातमी मुंबईवाले देणार नाहीत हे तेव्हाच उमजले होते. आपल्याला ते इतक्या उशिरा का उमजावे?

मसूदी चौलला येऊन गेला म्हणून तिथले दहा हजार मुसलमान आज आपल्याला ठाऊक आहेत. त्यांनी स्वतः लिहिलेले काही आपल्यापर्यंत पोहोचले असते तर ते काय खात, कसे बोलत, शेजाऱ्यांशी कसे वागत, हे त्यांच्याच तोंडून कळले असते. परक्याने प्रामाणिकपणे लिहिले, हे त्यांचे नशीब. आपल्या पिढीला त्या नशिबावर विसंबून राहता येणार नाही. या किनाऱ्याची खबर सनदेसह लिहून ठेवणे हे आता आपले काम आहे.